संख्येची कुंडली काढणारी साइट: सहा महिने वापरून झाल्यावर

नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि अशा साइट एक सोडून बऱ्याच आहेत, सगळ्यांचं काम साधारण एकच, तुम्ही एक पूर्ण संख्या टाकायची आणि एंटर दाबलं की तिची सगळी माहिती समोर. मूळ आहे की संयुक्त, अवयव कुठले, विभाजक किती, बायनरीत कशी दिसते, आणि मग खाली लेबलांची लांबलचक रांग. मी ही साइट गेले सहा महिने जवळजवळ रोज वापरतेय, आधी एकटीच, मग शाळेत जाणाऱ्या भाचीबरोबर, म्हणून म्हटलं नीट लिहावं, कुणाला निवड करायची असेल तर उपयोग होईल.

कुठलीही अशी साइट तपासायला मी एकच संख्या आधी टाकते, १२३४५६७८९०. वाचायची तर एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे नव्वद. सगळ्यांना पाठ असते, टाइप करताना चूक होत नाही, आणि हिच्या पोटात इतकं काही आहे की साइट किती खोल जाते ते लगेच कळतं. अवयव बरोबर आले, २ × ३ चा वर्ग × ५ × ३६०७ × ३८०३. त्या शेवटच्या दोन मूळ संख्या पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मी थबकले होते, कारण इतकी ओळखीची, मोजायला शिकतानाची संख्या आणि तिच्या आत हे दोन कधीही न भेटलेले लोक बसलेत. विभाजक ४८, बरोबर (घातांमध्ये एकेक मिळवून गुणायचं, २ × ३ × २ × २ × २). विभाजकांची बेरीज ३,२१,१६,१०,६८८, बरोबर, कागदावर करून बघितली. हिच्यापेक्षा लहान आणि हिच्याशी सहमूळ असलेल्या (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या ३२,९०,४०,२८८, तेही बरोबर. म्हणजे आकडेमोडीत साइट पक्की आहे, यात वादच नाही, आणि स्पीड तर असा की एंटर दाबायच्या आत उत्तर आल्यासारखं वाटतं.

आता लेबलं. या एका संख्येला साइटने दिलेली काही लेबलं अशी: अबंडंट, पॅनडिजिटल, निव्हन, इव्हिल, अनहॅपी, वर्गमुक्त नाही, दोन वर्गांची बेरीज नाही, तीन वर्गांची बेरीज आहे, स्वयंभू नाही. अजून बरीच होती. सगळी खरी आहेत. पण सगळी एकाच साइजच्या, एकाच रंगाच्या चौकोनात एकापुढे एक लावलेली, आणि माझी मुख्य तक्रार इथेच सुरू होते, ती भाचीमुळे मला नीट कळली. ती पहिल्याच दिवशी स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अगं मावशी, पण हे सगळं का?" मी म्हटलं का म्हणजे काय, तपासून सांगतायत ते. तर म्हणाली, "तसं नाही गं, अबंडंट आहे हे कसं कळलं ते कुठे लिहिलंय?" आणि खरंच कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आम्ही मग वही घेऊन बसलो आणि तो संध्याकाळचा दीड तास मला या साइटच्या सहा महिन्यांतला सगळ्यात चांगला वाटतो, जरी त्यात साइटचा वाटा फक्त निमित्तापुरता होता. अबंडंट म्हणजे संख्या स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा जास्त. इथे ती बेरीज १,९७,७०,४२,७९८ येते, म्हणजे जास्त आहे हे खरं, पण त्यासाठी ४८ विभाजक मांडायची गरजच नाही. संख्येला ६ ने भाग जातो ना, मग तिचा अर्धा, तिचा तिसरा भाग आणि तिचा सहावा भाग हे तिन्ही विभाजक आहेत, ६१,७२,८३,९४५ अधिक ४१,१५,२२,६३० अधिक २०,५७,६१,३१५, आणि ही बेरीज बरोबर १,२३,४५,६७,८९० येते, मूळ संख्याच. वर १ हा विभाजक उरतोच. झालं, जास्त. म्हणजे ६ पेक्षा मोठी आणि ६ च्या पटीतली कुठलीही संख्या घ्या, कितीही अंकी, ती अबंडंटच असणार. भाचीने लगेच मनाला येईल ती ६ ची पट टाकायला सुरुवात केली आणि प्रत्येक वेळी लेबल आलं की ओरडायची.

आणि ६ ने भाग का जातो? शेवटी शून्य म्हणून सम, आणि ० ते ९ सगळे अंक एकदाच आलेत म्हणून अंकांची बेरीज ४५, तिला ९ ने भाग जातो म्हणून संख्येला पण ९ ने भाग जातो. अंक कसेही उलटसुलट लावा, ४५ ती ४५. त्यामुळे हे दहा अंक एकेकदा वापरून केलेली कुठलीही संख्या मूळ असूच शकत नाही. म्हणजे बघा, "पॅनडिजिटल" (दहाही अंक आलेली) हे एक लेबल आणि "शेवटी शून्य" ही एक गोष्ट, एवढ्यातून ९ ने भाग जातो, वर्गमुक्त नाही (कारण ९ हा वर्ग आत आहे), अबंडंट, आणि त्या निव्हनसकट चार लेबलं आपोआप पडतात. साइट ती चार वेगवेगळी बक्षिसं दिल्यासारखी दाखवते. त्यांचं नातं दाखवलं असतं, नुसता एक बाण काढला असता तरी, तर हे पान वाचायला शंभर पटीने मजा आली असती.

निव्हनबद्दल थोडं जास्त बोलणार आहे. संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जात असेल तर ती हर्षद संख्या, हर्ष देणारी, हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिलेलं. देवळालीला शाळेत शिकवणारा माणूस, कुठली मोठी डिग्री नाही, आणि आयुष्यभर अंकांशी खेळून ६१७४ चा कापरेकर स्थिरांक, कापरेकर संख्या, स्वयंभू संख्या असं कितीतरी देऊन गेला. निव्हन हे नाव इव्हान निव्हन यांच्या १९७७ च्या भाषणानंतर रूढ झालं, त्यांच्याबद्दल काहीच म्हणणं नाही, पण साइटवर हर्षद हा शब्दच नसणं मला लागलं. मी फीडबॅकच्या बॉक्समध्ये लिहिलं, शांतपणे, दोन्ही नावं द्या म्हणून. अजून बदललेलं नाही.

आपल्या संख्येची अंकांची बेरीज ४५, भाग दिला तर २,७४,३४,८४२ येतात, बाकी शून्य, म्हणून हर्षद. आणि इथेही कारण आहे, दहाही अंक एकेकदा असले की ९ चा प्रश्न मिटलेला असतो, राहतो फक्त ५ चा, तो शेवटी ० किंवा ५ आला की सुटतो. तेवढं बघितलं की कळतं.

स्वयंभूचं तर मला फारच आवडलं. कापरेकर काय करायचे, एक संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची की पुढची संख्या तयार होते. जी संख्या अशी कुठल्याच दुसऱ्या संख्येपासून तयार होत नाही ती स्वयंभू. साइटने नुसतं "स्वयंभू नाही" एवढं लिहिलं होतं. अरे मग जन्मदाता कोण ते सांगा ना! आम्ही शोधला. ९ च्या पटीतच शोधायचं हे बाकीच्या हिशोबाने कळतं, म्हणून मागे ९-९ ने जात गेलो, ८८१ वर संपणारी, मग ८७२, ८६३, ८५४, प्रत्येकीच्या अंकांची बेरीज ४५ पण अंतर ४५ नाही, आणि मग पाचव्या पायरीला १२३४५६७८४५, बेरीज ४५, अंतर पण ४५. सापडला. भाचीने वहीत त्याभोवती गोल काढला. ही एक ओळ साइटवर असती तर त्या "नाही" ला जीव आला असता.

दुसरी गोष्ट जी वेगळी दाखवायलाच पाहिजे होती, कुठली लेबलं संख्येची स्वतःची आहेत आणि कुठली आपण ती दहाच्या बेसमध्ये लिहितो म्हणून आहेत. पॅनडिजिटल, हर्षद, स्वयंभू, हॅपी-अनहॅपी (अंकांच्या वर्गांची बेरीज परत परत करत १ वर पोचते की नाही) ही सगळी लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून. हीच संख्या बायनरीत ३१ अंकी होते, त्यात १ हा अंक १२ वेळा येतो, आणि १२ सम आहे म्हणून तिला इव्हिल म्हणतात, ईव्हन वरून केलेली शब्दांची गंमत आहे, विषम असती तर ओडियस म्हटलं असतं. पण अवयव, विभाजक, अबंडंट असणं, दोन वर्गांची बेरीज नसणं हे कुठल्याही बेसमध्ये लिहा तसंच राहणार. ३६०७ ला ४ ने भागलं की बाकी ३ उरते आणि तो अवयवांत एकदाच आलाय, एवढ्यावरून ही संख्या दोन वर्गांची बेरीज होऊ शकत नाही हे ठरतं, अंक कसे दिसतात त्याचा काही संबंध नाही. मला दोन्ही प्रकार आवडतात, दहाच्या बेसमधली गंमत कमी दर्जाची आहे असं अजिबात म्हणायचं नाही. ७३९३९१३३ टाकून बघा, शेवटचा अंक एकेक करून काढत जा, ७३९३९१३, ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३, ७, सगळ्या मूळ, आणि अशा जातीतली ही सगळ्यात मोठी. पण ती आपल्या दहा बोटांच्या हिशोबातली मोठी आहे हे वाचणाऱ्याला माहीत असावं.

तिसरं, दुर्मिळपणा. इव्हिल हे लेबल निम्म्या संख्यांना मिळतं. अबंडंट साधारण चारातल्या एकीला. वर्गमुक्त शंभरातल्या जवळजवळ एकसष्ट. याउलट ३,३५,५०,३३६ टाकलं तर "परिपूर्ण" असं लेबल येतं, स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज बरोबर स्वतःइतकी, आणि अशी ही फक्त पाचवी, तिच्या आधी ६, २८, ४९६ आणि ८१२८ एवढ्याच. (४०९६ × ८१९१, म्हणजे २ चा १२ वा घात आणि त्याच्याशी जोडलेली मर्सेन मूळ संख्या, २ चा १३ वा घात वजा १.) विषम परिपूर्ण संख्या असते की नाही हे आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही, म्हणजे इतकं भारी लेबल आहे हे, आणि साइटवर ते ओडियसच्या शेजारी त्याच साइजच्या चौकोनात बसलंय. हे बघून मला खरंच वाईट वाटलं.

आता मोठ्या संख्यांकडे येते, कारण खरी परीक्षा तिथे.

एक धोक्याची सूचना आधी. सुरुवातीला मी मोबाइलवर ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या टाकली, २ चा ५३ वा घात अधिक १. विषम संख्या, शेवटी ३. पान उघडलं तर वर संख्या दिसतेय ९००७१९९२५४७४०९९२ आणि अवयव फक्त २, त्रेपन्न वेळा! ब्राउझरमधल्या साध्या नंबरला इथून पुढची प्रत्येक पूर्ण संख्या अचूक साठवता येत नाही, शेवटचा अंक गोल होऊन जातो, आणि साइटच्या मोबाइल पानाने तोच प्रकार वापरला होता. खरे अवयव ३ × १०७ × २८०५९८१०७६२४३३ आहेत, म्हणजे एकच अंक घसरला आणि पूर्ण ओळखच बदलली, दोन्ही संख्यांमध्ये एकही मूळ अवयव सामाईक नाही. कॉम्प्युटरवरच्या पानाला हा प्रॉब्लेम नव्हता. कळवल्यावर त्यांनी दोन आठवड्यांत दुरुस्त केलं, याबद्दल मनापासून मार्क देते, पण तुम्ही जी कुठली साइट किंवा ॲप वापराल तिथे ही संख्या पहिली टाका, शेवटचा ३ टिकला तरच पुढे जा.

मग मूळ संख्या ओळखायची टेस्ट. १२३४५६७८९१, आपल्या संख्येची लगेच पुढची शेजारीण, मूळ आहे, साइटने बरोबर सांगितलं. (या आकाराच्या संख्यांत साधारण २१ मधली एक मूळ सापडते, म्हणून बरोब्बर शेजारीच मिळावी याचं मला अजून अप्रूप आहे.) नंतर मी मुद्दाम ३४१५५००७१७२८३२१ टाकली. ही संख्या फसवी आहे, मिलर-रॅबिन नावाची जी टेस्ट सगळे वापरतात ती २, ३, ५, ७, ११, १३, १७ हे सातही बेस (इथे बेस म्हणजे तपासणीसाठी घेतलेली संख्या, लिहिण्याचा बेस नाही) घेऊन केली तरी ही "मूळ असावी" असंच उत्तर येतं, आणि सातही बेसना फसवणारी ही सगळ्यात लहान संख्या. प्रत्यक्षात ती १०६७००५३ × ३२०१०१५७ आहे. साइट फसली नाही, अवयव दिले. ३७ पर्यंतच्या बाराही मूळ संख्या बेस म्हणून घेतल्या तर २ च्या ६४ व्या घातापर्यंत चूक होत नाही हे तपासलं गेलंय, त्यामुळे वीसेक अंकांपर्यंत "मूळ" म्हटलं की डोळे मिटून विश्वास ठेवायला हरकत नाही.

त्याच्या पुढे मात्र मला खटकतं. तीनशे अंकी एक संख्या टाकली, डोळ्याची पापणी लवायच्या आत "मूळ संख्या" असं हिरवं लेबल. आता इतक्या पटकन ते सिद्ध करून आलेलं नसणार, ती बहुधा मूळ आहे असं म्हणायला पाहिजे. रॅंडम बेस घेतला तर संयुक्त संख्या निसटायची शक्यता प्रत्येक वेळी जास्तीत जास्त चारात एक, चाळीस वेळा केली तर ती इतकी कमी होते की व्यवहारात शून्यच, मान्य. पण शक्यता फार कमी असणं आणि सिद्ध झालेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गणितात तरी. सिद्ध करायच्या पद्धती आहेत, एलिप्टिक कर्व्ह वापरून पुरावा मिळतो आणि तो दुसरा कुणी पटकन तपासू शकतो, आणि २००२ मध्ये मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या कानपूर आयआयटीच्या तिघांनी तर कुठल्याही संख्येसाठी पक्कं उत्तर बहुपदी वेळात (अंक वाढले तरी वेळ हाताबाहेर न जाता) देता येतं हे दाखवून दिलं. एवढं सगळं उपलब्ध असताना लेबलवर "बहुधा" हा एक शब्द घालणं अवघड नाही. मला तो शब्द हवाय. भाचीसारखी मुलं हे पान बघून "मूळ" म्हणजे काय ते शिकतायत.

संयुक्त संख्यांच्या बाबतीत मात्र साइट जास्त प्रामाणिक आहे. खूप मोठी संख्या टाकली आणि अवयव पडत नसतील तर स्पष्ट लिहिते, "संयुक्त आहे, अवयव सापडले नाहीत". हे लोकांना विचित्र वाटतं, अवयव माहीत नाहीत मग संयुक्त कसं कळलं, पण हेच तर या विषयातलं सौंदर्य आहे. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ टाका, २ चा ६७ वा घात वजा १. मर्सेनने १६४४ मध्ये ही मूळ धरली होती, ल्युकासने १८७६ मध्ये ती मूळ नाही हे दाखवलं पण अवयव त्यालाही माहीत नव्हते, ते फ्रॅंक कोलने १९०३ मध्ये दिले, १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. सत्तावीस वर्षं सगळ्यांना माहीत होतं की हे तुटतं आणि कुठे तुटतं ते कुणालाच माहीत नव्हतं. साइटवर ते अवयव क्षणात आले, आणि मला कोलची आठवण येऊन जरा वेळ पुढे जाववेना. अजूनही अशा संख्या आहेत, विसावी फर्मा संख्या (२ चा १०,४८,५७६ वा घात अधिक १, मोजणी शून्यापासून) संयुक्त आहे हे पक्कं, तीन लाख पंधरा हजारांच्या वर अंक, आणि एकही अवयव आजपर्यंत सापडलेला नाही.

बाकी छोट्या गोष्टी पटकन: विभाजकांची पूर्ण यादी कॉपी करता येते, छान. लिंक शेअर होते. डार्क मोडमध्ये घातांक इतके बारीक दिसतात की ३ चा वर्ग ३२ वाटतो, सांभाळून. जाहिराती नाहीत. संख्या शब्दांत लिहून दाखवतात ती मिलियन-बिलियनमध्येच, लाख-कोटी-अब्जचा ऑप्शन नाही, असायला हवा.

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. आकडेमोड आणि स्पीडला पूर्ण, लेबलांच्या मांडणीसाठी एक कापला, "बहुधा" साठी अर्धा. अवयव तपासायला, गृहपाठाचं उत्तर पडताळायला बिनधास्त वापरा.

आणि एक पान राहिलंच, दोन संख्यांच्या तुलनेचं, ते मेनूत इतकं खाली आहे की मला चौथ्या महिन्यात सापडलं. तिथे भाचीने १२३४५६७८९ आणि ९८७६५४३२१ टाकल्या आणि मसावि विचारला. या पानावर नुसतं उत्तर येत नाही, युक्लिडच्या पायऱ्या एकाखाली एक उलगडतात. पहिली ओळ आली, ९८७६५४३२१ = ८ × १२३४५६७८९ + ९. उलटी लावलेली संख्या सुलटीच्या बरोबर आठपट आणि वर फक्त ९! दुसरी ओळ, १२३४५६७८९ = ९ × १३७१७४२१ + ०. मसावि ९, दोन ओळींत. भाची काहीच बोलली नाही, वही ओढली आणि तो १३७१७४२१ खाली लिहून घेतला, आणि थोड्या वेळाने मला म्हणाली, "मावशी, हा म्हणजे आपला ३६०७ गुणिले ३८०३ आहे."